दाताची भीती आणि गुंगी : गावातला दवाखाना, बेळगाव की कोल्हापूर-मिरज?

दाढ दुखायला लागली की लवंग, मग मेडिकलमधली गोळी, मग पुन्हा लवंग, असं वर्ष-दीड वर्ष काढणारी माणसं आपल्या बेळगाव सीमाभागात घरोघर आहेत. त्यातली बरीचशी आळशी नसतात, घाबरलेली असतात. 'झोपेत दातांचे उपचार' असं लिहिलेली पाटी दिसली की अशांना हायसं वाटतं. पण त्या एका ओळीमागे चार निरनिराळे प्रकार असू शकतात, आणि त्यातला कुठला कुठे घ्यायचा यावर निवड ठरते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'तुमच्याकडे गुंगी देतात का?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा : डॉक्टर माझ्या तोंडात काम करत असताना माझ्या श्वासाकडे कोण बघणार? 'मीच बघतो की' असं उत्तर आलं, तर तिथे गॅसच्या, म्हणजे सगळ्यात हलक्या गुंगीच्या, पुढे जाऊ नये.

चार प्रकार

सगळ्यात हलका तो गॅस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण. नाकावर छोटा मास्क लावतात, पाच मिनिटांत अंग सैल पडतं, पण तुम्ही जागे असता, बोलता, सांगितलं तर तोंड उघडता. काम झालं की काही मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात आणि अंमल उतरतो. चांगल्या मशिनमध्ये ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच नये अशी सोय असते. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. अडचण एकच, नाक मोकळं हवं. खानापूरच्या पावसाळ्यात सर्दीनं नाक बंद असेल तर हा पैसा वाया. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, कानाचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, ब-१२ ची मोठी कमतरता, हे असेल तर आधी सांगायचं.

दुसरा प्रकार गोळीचा : डायझेपाम, अल्प्राझोलाम किंवा मिडाझोलाम. स्वस्त, सुईची गरज नाही, तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतो. म्हणूनच लोकांना तो सगळ्यात निरुपद्रवी वाटतो, आणि मला तो सगळ्यात बेभरवशाचा वाटतो. गोळी पोटात गेली की डोस कमी-जास्त करता येत नाही. एकाला तासाभरानंतरही काही होत नाही, दुसरा खुर्चीत घोरायला लागतो. डायझेपामचा अंमल तर दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो. शेजारच्या काकूंची झोपेची गोळी 'अर्धीच घेतो' म्हणून घेऊन जाणारे असतात; डॉक्टरला न सांगता हे करणं सरळसरळ धोक्याचं, त्यात आदल्या रात्री दारू झालेली असेल तर फारच.

तिसरा, शिरेतून औषध. बहुधा मिडाझोलाम, थोडं थोडं करत. माणूस हाकेला ओ देतो, पण नंतर त्याला फारसं आठवत नाही. अक्कलदाढ काढणं, एका बैठकीत तीन-चार दातांचं काम, सुई दिसताच चक्कर येणारा माणूस, यांच्यासाठी हा प्रकार सोयीचा. मात्र इथे औषधावर आणि श्वासावर लक्ष ठेवणारा माणूस वेगळाच हवा, आणि तो भूलतज्ज्ञ असेल तर उत्तम. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबून चालत नाही. नाकातून जादा ऑक्सिजन सुरू असेल तर श्वास थांबल्यावरही आकडा बराच वेळ ९८-९९ दाखवत राहतो. म्हणून छातीची हालचाल बघणारे डोळे लागतात, किंवा बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र.

चौथी पूर्ण भूल. ती फक्त हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये. क्लिनिकच्या खुर्चीत पूर्ण भूल देतो म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

पहिल्या तिन्ही प्रकारांत हिरडीतली बधिरतेची सुई टळत नाही, हे पाटीवर कुणी लिहीत नाही. गुंगीनं भीती जाते, वेदना जाते ती त्या सुईनं. आणि खरं सांगायचं तर पुष्कळांच्या भीतीचं मूळ तिथेच असतं. सुजलेल्या, पू धरलेल्या दाढेत बधिरतेचं औषध नीट काम करत नाही. तशात लहानपणी कुणीतरी 'दुखत नाही, दुखत नाही' म्हणत दाढ उपटलेली असते. अशा माणसाला गुंगीपेक्षा हळू सुई देणारा, आधी टाळू-हिरडीवर जेल लावणारा, दहा मिनिटं थांबून बधिरता तपासणारा आणि हात वर केला की खरोखर थांबणारा डॉक्टर जास्त उपयोगाचा. तो गावातच सापडला तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

कुठे काय

तालुक्याच्या दवाखान्याचा, म्हणजे खानापूर, निपाणी, चिक्कोडी इथल्या खासगी क्लिनिकचा, मोठा फायदा ओळखीचा. डॉक्टरांना तुमचं घर, बीपीच्या गोळ्या, सासूबाईंची शुगर सगळं माहीत असतं, बोलणं मराठीत होतं, घर जवळ असतं. भराव, रूट कॅनॉल, सैल दात काढणं यासाठी भीती मध्यम असेल तर इथेच गॅसची किंवा हलक्या गोळीची सोय विचारावी. शिरेतून औषध मात्र इथे घ्यायचं असेल तर भूलतज्ज्ञ त्या वेळी प्रत्यक्ष हजर राहणार का, हे नक्की करून घ्यावं. 'फोन केला की येतात' हे उत्तर चालत नाही. आणखी दोन गोष्टी कुणी विचारत नाही, त्या विचाराव्यात. वीज गेली तर तोंडातलं पाणी-रक्त ओढणारं सक्शन इन्व्हर्टरवर चालतं का? आणि दवाखाना पहिल्या मजल्यावर असेल तर त्या अरुंद जिन्यावरून स्ट्रेचर उतरेल का? गुंगीतल्या माणसाला दोघांनी बखोटीला धरून उतरवणं हे काही उत्तर नव्हे.

बेळगाव शहरातल्या खासगी क्लिनिकांत दर चढे, पण वेळ ठरवून मिळते आणि भूलतज्ज्ञ बोलावण्याची पद्धत जास्त रुळलेली असते. इथे चकचकीत रिसेप्शनला भुलू नये. ऑक्सिजन सिलिंडर, तोंडावर धरून श्वास देण्याची अंबू बॅग, मिडाझोलामचा अंमल उतरवणारं फ्लुमाझेनिल, या तीन गोष्टी दाखवायला सांगा. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही, उलट तो कपाट उघडून दाखवतो. फ्लुमाझेनिलचा असर मिडाझोलामच्या आधी ओसरतो, त्यामुळे ते द्यावं लागलं तर रुग्णाला बराच वेळ नजरेखाली ठेवावं लागतं. 'लगेच घरी सोडतो' असं जो म्हणतो, त्याच्याकडे सावधपणे बघा.

दंत महाविद्यालयं शहरात दोन आहेत : केएलई संस्थेचं विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालय आणि मराठा मंडळाचं नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय. महाविद्यालयाची गणितं वेगळी. खर्च कमी, ओरल सर्जन आणि लहान मुलांचे दंततज्ज्ञ एकाच छताखाली. केएलईचं कॉलेज नेहरूनगरच्या आवारात असल्यानं मोठं हॉस्पिटलही शेजारीच. त्या बदल्यात वेळ द्यावा लागतो : केसपेपर, एक्स-रे, या विभागातून त्या विभागात, आणि काम बऱ्याचदा पदव्युत्तर विद्यार्थी करतात, वरिष्ठ देखरेख करतात. भित्र्या माणसाला ही धावपळ आणि चार माणसांनी तोंडात डोकावणं जड जातं. तरीही अवघड अक्कलदाढ, हृदयाचा आजार, दमा, झटके येण्याचा त्रास, यापैकी काही असेल तर मी महाविद्यालयाकडे किंवा हॉस्पिटलकडेच बोट दाखवेन.

सीमेपलीकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला, मार्ग निपाणीकरांना ओळखीचाच आहे. कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव ७५ च्या आसपास. अथणी-कागवाडकडच्यांना मिरज जवळची, आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव. तिथे कागदपत्रं, संमतीपत्र, समजावणं सगळं मराठीत होतं, ही मोठी सोय. गुंगीनंतर गाडीतून परतायचं अंतर मात्र धरायला हवं, आणि रात्री रक्त थांबेना झालं तर कुणाकडे जायचं हेही. उपचार करणारा डॉक्टर दीड तासावर असेल तर जवळच्या दंतवैद्याला आधीच कल्पना देऊन ठेवावी. दरपत्रक लावण्याची सक्ती करणारा कर्नाटकाचा २००७ चा केपीएमई, म्हणजे खासगी दवाखान्यांचा, कायदा तिकडे लागू नाही, तेव्हा अंदाजपत्रक लेखी मागा. तक्रारीची वेळ आली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती राहत्या जिल्ह्यात करता येते.

भाषेचा मुद्दा बेळगावातही डोळ्याआड करू नका. गुंगीत दिलेल्या सूचना कळल्या पाहिजेत, 'श्वास घ्या', 'तोंड उघडं ठेवा' एवढं तरी. कानडी किंवा इंग्रजी संमतीपत्रावर मुलानं घाईत सही करण्यापेक्षा, ते कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या. वयस्कर आई-वडिलांच्या बाबतीत तर हे आधी करा. म्हाताऱ्या माणसांना औषध कमी लागतं, आणि गुंगी उतरताना ती भांबावतात. ओळखीच्या भाषेतला ओळखीचा आवाज तेव्हा कामाला येतो.

तंबाखू आणि तोंड

निपाणीचा तंबाखू आणि टपरीवरचा गुटखा यांनी आपल्याकडे हा विषय अवघड केला आहे. सुपारी-गुटख्यानं गालाची कातडी कडक होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये जातात का, घरी बघा. जात नसतील तर गुंगी देण्याआधी डॉक्टरला सांगितलंच पाहिजे, कारण श्वास अडला तर नळी घालायला तोंड उघडावं लागतं. मोठ्यानं घोरणारे, जाड मानेचे, झोपेत श्वास अडकणारे, यांनाही हेच लागू. अशांसाठी गॅस किंवा हॉस्पिटल, मधलं काही नको.

जायच्या दिवशी

शिरेतून गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर जेवण सहा तास आधी बंद, मटण-भाकरी झाली असेल तर आठ. पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो जेवणात धरतात. इथेच सगळे फसतात, 'एक कपच घेतला' म्हणून वेळ पुढे ढकलली जाते. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या का, हे डॉक्टरलाच विचारा. उपाशीपोटी ठरलेला डोस घेतला तर साखर उतरते. गोळी किंवा शिरेतलं औषध असेल तर सोबत जाणतं माणूस हवं, चोवीस तास गाडी चालवायची नाही. टू-व्हीलरवर मागे बसून जाणंही नको, रिक्षा किंवा कार बघा.

खर्चाचं म्हणाल तर गोळी स्वस्त, शिरेतल्या गुंगीत भूलतज्ज्ञाची फी वेगळी लागते, पूर्ण भुलीत थिएटर आणि रक्ताच्या तपासण्या वाढतात. साध्या दातकामाला आरोग्य विमा बहुधा मिळत नाही, अपघाताचं किंवा भरती होऊन केलेलं ऑपरेशन असेल तर पॉलिसी उघडून बघा. एक गोष्ट मात्र पैशांपलीकडची आहे. शिरेतल्या गुंगीत काही आठवत नाही, म्हणून भीती जशीच्या तशी राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच लागतं. गॅसवर माणूस जागा असतो, 'जमलं की' असं त्याला कळतं, आणि दोन-तीन वेळांनंतर कित्येकांना गॅसही लागत नाही. तरुण माणसाला समोर आयुष्यभराचे दात असतील तर मी गॅसपासून सुरुवात करेन.

लहान मुलांचा हिशेब याहून वेगळा. चार-पाच वर्षांच्या पोरीला सात-आठ किडक्या दातांसाठी दर आठवड्याला धरून बसवण्यापेक्षा हॉस्पिटलमध्ये एकदाच पूर्ण भूल देऊन सगळं उरकणं कधी कधी बरं, पण हा निर्णय लहान मुलांच्या दंततज्ज्ञाचा आणि भूलतज्ज्ञाचा मिळून असावा. आणि होकार देण्याआधी एवढं विचारा : हे दुधाचे दात पडायला किती अवकाश आहे? दुखत नसेल तर चांदीचं औषध (सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड) लावून कीड थोपवता येईल का? त्यानं दात काळा पडतो, शाळेच्या फोटोत दिसतो, पण ना सुई लागते ना भूल.