होम ऑटोमेशनसाठी पीओई स्विच: दसऱ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

मागच्या दसऱ्याला टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८पीई हा आठ पोर्टचा पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) स्विच घेतला, म्हणजे घरातली यंत्रं लॅनच्या तारांनी एकमेकांना जोडणारा आणि त्याच तारेतून वीजही देणारा डबा. तेव्हापासून तो पॅसेजमधल्या कपाटात चोवीस तास चालू आहे. मधे उन्हाळा गेला, वळीव झाला, आता पावसाळाही सरत आलाय. एवढं सगळं पाहिलेल्या स्विचबद्दल लिहायला हरकत नाही.

आधी घरात काय आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला आपल्या घराशी ताडून बघता येईल. पुण्यात सिंहगड रोडला तीन बेडरूमचा फ्लॅट. एका जुन्या मिनी पीसीवर होम असिस्टंट, म्हणजे घरातली सगळी स्मार्ट यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर. भिंतीतल्या बोर्डांमागे शेली कंपनीची पहिल्या पिढीची रिले (वायफायवरून दिवा चालू-बंद करणारी छोटी यंत्रं), शिवाय झिगबी या कमी विजेच्या रेडिओवर चालणारे काही सेन्सर. दोन कॅमेरे, एक दाराशी आणि एक पार्किंगकडे. छताला वायफायचा ॲक्सेस पॉइंट. झिगबीचा कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या सेन्सरना होम असिस्टंटशी जोडणारा डबा, यूएसबीचा नाही, लॅनवर चालणारा आहे. म्हणजे कॅमेरे, ॲक्सेस पॉइंट आणि कोऑर्डिनेटर या चौघांनाही वीज लॅनच्या तारेतूनच जाते. सासूबाईंना ॲप नको असतं, त्यांना भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागायला हवा. तो लागतोच, कारण रिले बटणाशीही जोडलेली आहेत. स्विच बंद पडला तर अडतं ते आमचं, त्यांचं नाही.

पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, स्विच मागितला की दुकानदार आधी विचारतो, "शंभरचा की गिगाबिट?" म्हणजे वेग शंभर एमबीपीएसचा की हजारचा. गिगाबिट घ्यावाच, किमतीत आता फारसा फरक नाही. पण घर चालवायला वेग जवळजवळ लागतच नाही. दिवा लावायचा निरोप काही शे बाइटचा. कॅमेऱ्याचं चित्र साधारण चार ते आठ एमबीपीएस खातं, ते शंभरच्या पोर्टलाही जड नाही. मला बघायचं होतं ते वेगळंच: लाइट जाऊन आल्यावर हा स्वतःहून नीट उठतो का, चौघांना रात्री पुरेशी वीज देतो का, आणि मल्टिकास्टचे, म्हणजे एकाच वेळी अनेकांसाठी सोडलेले, निरोप मधेच गिळत तर नाही ना.

याआधी आमच्याकडे कॅमेरेवाल्यानं लावून दिलेला पीओई स्विच होता. सीसीटीव्हीच्या दुकानात मिळतात तसला, आठ पोर्ट शंभरचे आणि वर दोन अपलिंक, म्हणजे राउटर किंवा रेकॉर्डरकडे जाणारे पोर्ट. त्याच्या पुढच्या बाजूला एक बारीक सरकतं बटण असतं. एका टोकाला 'एक्स्टेंड', म्हणजे वेग १० एमबीपीएसवर आणून केबल २५० मीटरपर्यंत ओढायची सोय. दुसऱ्या टोकाला 'व्हीलॅन' किंवा 'आयसोलेट'. हे चालू असलं की आठही पोर्ट फक्त अपलिंकशी बोलतात, आपसात नाही. कॅमेरे आणि रेकॉर्डर एवढंच असेल तर ते उत्तमच. पण होम असिस्टंटचा पीसी तिसऱ्या पोर्टवर आणि कोऑर्डिनेटर पाचव्यावर असेल, तर दोघं एकाच डब्यात राहून एकमेकांना दिसत नाहीत. घरात असला स्विच असेल आणि 'डिव्हाइस सापडत नाही' म्हणून कुणी डोकं धरून बसलं असेल, तर आधी ते बटण बघा.

त्या स्विचवर आम्ही वैतागलो ते मात्र विजेमुळे. इन्व्हर्टर आहे, पण मेन लाइनवरून बॅटरीवर येताना क्षणभर वीज तुटते. इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर असला तर ही फट १०-२० मिलिसेकंदांची, साध्या मोडवर जास्त. अडॅप्टरच्या आत जो थोडासा साठा असतो त्यावर एवढा वेळ निघून जातो, पण लोड वाढला की तो साठा लवकर संपतो. म्हणून जुना स्विच दिवसा लाइट गेली तर तग धरायचा आणि रात्री हमखास रीस्टार्ट व्हायचा. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वीज जवळपास दुप्पट खेचली जाते, एवढंच त्यामागचं गूढ. कधी कधी तो नुसता हँग व्हायचा, सगळे दिवे लागलेले आणि आतून काहीच नाही. मग स्टूल घ्या, प्लग काढा, प्लग घाला.

आता विजेचा हिशोब, कारण पीओई घेताना लोक इथेच गडबडतात. ८०२.३एएफ या मानकात स्विच एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो, त्यातले १२.९५ वॅट यंत्रापर्यंत पोचतील असं धरतात. ८०२.३एटी, म्हणजे पीओई प्लस, त्यात हेच आकडे ३० आणि २५.५. पण खरा आकडा 'एकूण बजेट'चा. या स्विचच्या मी घेतलेल्या आवृत्तीत चार पीओई पोर्ट आणि बजेट ६४ वॅट. जुन्या आवृत्त्यांमध्ये ते कमी होतं, तेव्हा खोक्यावरचा आवृत्तीचा नंबर वाचून घ्या. चारही पोर्टांनी १५.४ वॅट मागितले तरी ६१.६ होतात, बजेटच्या आतच. माझ्याकडे रात्री, इन्फ्रारेड चालू असताना, स्विचच्या वेब पॅनेलवर एकूण २४ वॅटच्या आसपास दिसतात. निम्म्याहून कमी. वीज परत येते तेव्हा चारही यंत्रं एकदम जागी होतात, त्या झटक्यासाठी एवढी मोकळीक हवीच.

बाजारात स्वस्तात 'पॅसिव्ह पीओई'ही मिळतं. ते समोरच्या यंत्राला न विचारता तारेत थेट २४ किंवा ४८ व्होल्ट सोडतं. त्याच्या वाटेला जाऊ नका. उद्या कुणी त्याच पोर्टात लॅपटॉप लावला तर?

यूपीएसच्या बाबतीत एक अडचण आली. राउटरसाठी मिळणारे छोटे १२ व्होल्टचे मिनी यूपीएस इथे चालत नाहीत, कारण पीओई स्विचचा अडॅप्टर पन्नासच्या वरचे व्होल्ट देतो. शेवटी कॉम्प्युटरचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस कपाटात ठेवला. त्याच्यावर स्विच, राउटर, फायबरचा डबा आणि मिनी पीसी. इन्व्हर्टर मागे आहेच, यूपीएसनं फक्त मधली फट भरायची आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की आता घरात कुणाला कळतही नाही. पंखा एकदा मंदावतो तेवढाच.

तरी सगळंच बंद होऊन पुन्हा चालू झालं, तर कोण आधी उठतं हे महत्त्वाचं. स्विच काही सेकंदांत तयार, राउटरला दोन-तीन मिनिटं. तोवर ज्या यंत्रांना राउटरच्या डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीकडून) पत्ता मिळत नाही ती १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतात. काही नंतर सुधारतात, काही नाहीत. म्हणून कोऑर्डिनेटर आणि होम असिस्टंटला पक्के पत्ते दिलेत. स्विचलाही पहिल्याच दिवशी पक्का पत्ता द्या. याचा फॅक्टरी पत्ता १९२.१६८.०.१ आहे आणि कित्येक घरांत राउटरचा पत्ताही नेमका तोच असतो.

मल्टिकास्टवर जरा सविस्तर लिहिते, कारण 'कधी चालतं, कधी चालत नाही' छापाच्या तक्रारी बहुधा इथूनच निघतात. आयजीएमपी स्नूपिंग या सोयीत स्विच कोणत्या पोर्टला कोणता मल्टिकास्ट गट हवाय ते लक्षात ठेवतो आणि बाकीच्यांना तो पाठवत नाही. कागदावर छान. पण 'अजून कोणाला हवंय का?' असं अधूनमधून विचारणारा एक क्वेरियर नेटवर्कमध्ये लागतो, आणि घरगुती राउटर बरेचदा ते काम करत नाहीत. मग कुणी विचारलंच नाही म्हणून स्विच यादीतून नाव काढून टाकतो. नेहमीच्या आकड्यांनी ही मुदत २६० सेकंदांची: १२५ चे दोन फेरे आणि वर १०.

मुद्दाम एका रविवारी स्नूपिंग चालू करून घड्याळ लावून बसले. शेलीची पहिल्या पिढीची रिले आपली स्थिती २२४.०.१.१८७ या मल्टिकास्ट पत्त्यावर सांगतात. पहिली चार मिनिटं सगळं गोड. मग स्वयंपाकघरातला दिवा बोर्डवरून लावला, दिवा लागला, आणि स्क्रीनवर तो बंदच. ॲपमधून आज्ञा दिली की रिले ऐकायचं, कारण आज्ञा थेट त्याच्या पत्त्यावर जाते. फक्त उलट येणारी खबर वाटेत हरवत होती. स्नूपिंग बंद केलं, सगळं जागेवर. रिलेच्या सेटिंगमध्ये मल्टिकास्टऐवजी थेट होम असिस्टंटचा पत्ता देता येतो, तेही करून टाकलं. मॅटर या स्मार्ट-होम मानकाची उपकरणं एकमेकांना शोधायला एमडीएनएस ही मल्टिकास्टवर चालणारी पद्धत वापरतात. त्याचा २२४.०.०.२५१ हा पत्ता स्नूपिंग असलं तरी सगळीकडे जायला हवा असा संकेत आहे, पण स्वस्त स्विच तो पाळतीलच असं नाही. दहा-वीस यंत्रांच्या घरात स्नूपिंगनं काही वाचत नाही. बंद ठेवा.

व्हीलॅनबद्दल (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडायची सोय) एवढंच: फक्त कॅमेरे वेगळे केलेत, बाकी सगळं एकत्र. दिवे एका व्हीलॅनमध्ये आणि फोन दुसऱ्यात ठेवले की एमडीएनएस ओलांडून नेण्याचा एक नवाच उद्योग मागे लागतो.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट जाहिरातीत कोपऱ्यात असते, केबल टेस्ट. टीव्हीमागचा पोर्ट गिगाबिट ऐवजी शंभरवर अडकला होता. शंभरला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, म्हणजे एखादी जोडी तुटलेली. टेस्टनं 'ओपन' आणि पुढे ११ मीटर दाखवलं, म्हणजे बरोबर भिंतीतलं सॉकेट. उघडून पाहिलं तर तपकिरी तार खाचेत दाबलीच गेली नव्हती, नुसती वर टेकवलेली. केबल घेताना टोक सोलून ब्लेडनं तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. तिचा रोध जास्त, पीओईत ती तापते आणि लांबवरच्या कॅमेऱ्याला रात्री वीज कमी पडते. बिल्डरनं आमच्याकडे निम्म्या ठिकाणी तीच ओढलीय. कॅमेऱ्यांपुरती बदलून घेतली.

उन्हाळ्यात कपाटाचं दार जाळीचं करून घेतलं. घरगुती स्विच बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि एप्रिलमध्ये बंद कपाटात त्याहून जास्त होतं. याला पंखा नाही, धातूची पेटी हाताला गरम लागते, पण मे महिन्यातही अडखळला नाही. ऑफिसमधून निघालेले चोवीस पोर्टचे जुने स्विच स्वस्तात मिळतात, पण त्यांना पंखे असतात आणि ४० वॅट सतत म्हणजे वर्षाला ३५० युनिट. नवऱ्यानं एक हेरून ठेवला होता, बिलाचा आकडा ऐकून सोडला.

या स्विचच्या मर्यादाही आहेत. पॅनेल साध्या एचटीटीपीवर, एचटीटीपीएस नाही, म्हणजे पासवर्ड तारेतून उघडाच जातो; म्हणून तो दुसरीकडे कुठेही न वापरलेला ठेवा. एसटीपी (तारांचं वर्तुळ, म्हणजे लूप, झालं तर सांभाळणारी पद्धत) नाही, फक्त लूप ओळखायची सोय. पीओई चारच पोर्टांना. आठही हवे असतील तर नेटगियरचा जीएस३०८ईपी बघा, त्याचं बजेट ६२ वॅट. युबिक्विटीचा आठ पोर्टचा लाइट स्विच दिसायला देखणा, पण पीओई त्यालाही चारच पोर्टांना, बजेट ५२ वॅट आणि वर कंट्रोलर सॉफ्टवेअर सांभाळा. मिक्रोटिक कंपनीचे स्विच ज्यांना सेट करता येतात त्यांनी घ्यावेत.

पॅनेलवरून प्रत्येक पोर्टची वीज बंद-चालू करता येते, आणि होम असिस्टंटमध्ये लोकांनी बनवलेलं इंटिग्रेशन टाकलं की तेच बटण ऑटोमेशनला मिळतं. पार्किंगचा कॅमेरा पाच मिनिटं पिंगला ('आहेस का?' या हाकेला) उत्तर देईना, की त्याच्या पोर्टची वीज दहा सेकंद जाते आणि परत येते. स्टूल आता माळ्यावर गेलंय. या कॅमेऱ्याची केबल बाहेरच्या भिंतीवरून येते, तिला अर्थिंगसकट सर्ज प्रोटेक्टर लावायचं काम तेवढं बाकी आहे. इलेक्ट्रिशियन दिवाळीनंतर येतो म्हणालाय.