पेटी दुरुस्ती, दादर: कान पक्का, तारीख कच्ची

दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. आमच्या वसईच्या चर्चमधली पेटी, म्हणजे हार्मोनियम, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादरला नेऊन दिली. भाता फुसफुसत होता, आणि वरचा कोमल निषाद पट्टी सोडली तरी वाजतच राहायचा. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर डोळे मिटून शांत उभे, आणि मागून आमचा निषाद चालूच.

दुकानदार काकांनी पेटी उघडली. खाऱ्या हवेने पितळी सूर (आवाज देणाऱ्या आतल्या पातळ जिभा) हिरवट पडलेले, आतलं फेल्ट किड्यांनी खाल्लेलं. पण किंमत सांगण्याआधी त्यांनी विचारलं, "गातं कोण? सोबत गिटार असते का?" असते म्हटल्यावर, "मग चारशे चाळीसला लावतो. तुमची पेटी चढी आहे." चारशे चाळीस हर्ट्झ, गिटार लावतात तो स्वर. म्हणजे इतकी वर्षं आम्ही गिटारवाल्या पोराला उगाच बोल लावत होतो! सूर टोकाकडे घासला की चढतो, बुडाकडे घासला की उतरतो, हेही त्यांनी बोलता बोलता कानशीने करून दाखवलं.

सूर, नवं फेल्ट आणि भाता मिळून २,८०० रुपये. वाजवी वाटले.

आता तक्रार. २० तारखेला देतो म्हणाले, फोन केला की "उद्या या." मिळाली २६ ला संध्याकाळी. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आम्ही मागून आणलेल्या कीबोर्डवर उरकली. विरार लोकलच्या मालडब्यात पेटीवर हात ठेवून उभी होते तेव्हा राग होताच.

म्हणून पेटीचा पहिला दिवस ठरला २८ डिसेंबर २०२५, पवित्र कुटुंबाचा, म्हणजे येशू, मरिया आणि जोसेफ यांचा सण. हा नाताळनंतरच्या रविवारी येतो. नाताळच रविवारी आला तर ३० तारखेला. सराव चालू असताना फादरांनी सांगितलं की पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये हा सण सुरू केला आणि त्यासाठी लॅटिन गीतंही स्वतः रचली; १९२१ मध्ये तो जगभरच्या चर्चला लागू झाला. आमच्या वाट्याला मात्र बायबलमधलं स्तोत्र १२८: घरात द्राक्षवेलीसारखी पत्नी, मेजाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी मुलं. नेहमी आम्ही ते काळी चारमध्ये (चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) घेतो आणि पुरुष मंडळी दुसऱ्या ओळीला गळा आवळल्यासारखी होतात. काकांचा "गातं कोण?" आठवला, काळी दोनवर उतरले. मागच्या बाकावरचे, एरवी नुसते ओठ हलवणारे आजोबासुद्धा गायले.

त्या दिवशीचं शुभवर्तमान जोसेफ रात्रीच उठून बाळ आणि मरियेला घेऊन मिसरला निघतो ते. नंतर जोडप्यांनी लग्नाची वचनं पुन्हा म्हटली. मी तेव्हा खर्जात नुसता षड्ज धरून ठेवला होता, भाता हलक्या हाताने. पूर्वी त्या सुराबरोबर सायकलच्या पंपासारखा आवाज यायचा. या वेळी माझ्या शेजारच्या बाईंचं हळूच "हो, हो, वचन देते" पुटपुटणं ऐकू आलं.

खालचा पंचम अजून किंचित उशिरा बोलतो. पुन्हा न्यावी लागेल. तेव्हा झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आधीचा रविवार) पेटी मी काकांना पंधरा दिवस आधीची तारीख सांगून देणार आहे.