थायरॉइडच्या गाठीवर दुसरे मत देणारी सल्लासेवा: एक परीक्षण

थायरॉइडच्या गाठीसाठी शस्त्रक्रिया करावी की नाही, यावर दुसरे मत देणाऱ्या एका विशेष केंद्राची सेवा आम्ही माझ्या मोठ्या बहिणीसाठी घेतली. तिच्या ग्रंथीत अनेक गाठी होत्या, त्यांपैकी सर्वांत मोठी साधारण तीन सेंटिमीटरची, आणि आधीच्या एका रुग्णालयात या आकारावरच बोट ठेवून संपूर्ण ग्रंथी काढण्याचा सल्ला मिळाला होता. या केंद्राने निर्णय कोणत्या क्रमाने आणि कोणत्या आधारावर घेतला, ते मला सर्वांत मोलाचे वाटले.

प्रथम रक्तातील टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे हार्मोन, पाहिले गेले. ते कमी असते, तर गाठ स्वतःच जास्त हार्मोन तयार करते का हे पाहण्यासाठी स्कॅन करावा लागला असता. अशा गाठीत कर्करोग क्वचितच आढळतो आणि तिच्या उपचाराची वाटही वेगळी असते. ताईचे टीएसएच योग्य पातळीत होते. मग सोनोग्राफी नव्याने झाली आणि प्रत्येक गाठ घन आहे की द्रवाने भरलेली, तिच्या कडा नीट आहेत की वेड्यावाकड्या, ती रुंदीपेक्षा उंच आहे का, आत कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसतात का, हे टिपले गेले. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या २०१७ च्या वर्गवारीनुसार अतिसंशयास्पद गाठीचा सुईने नमुना १ सेंटिमीटरपासून घेतात, तर सौम्य संशयाच्या गाठीसाठी २.५ सेंटिमीटरपर्यंत थांबता येते. म्हणजे लहान गाठ अधिक काळजीची आणि मोठी गाठ निरुपद्रवी असू शकते, ही गोष्ट आम्हाला येथेच प्रथम कोणी समजावून सांगितली.

सुईच्या तपासणीचा अहवाल वाचून दाखवण्यात या केंद्राचे खरे कौशल्य दिसले. सुईने घेतलेल्या पेशींची वर्गवारी करणाऱ्या बेथेस्डा पद्धतीत सहा गट असतात. दुसरा गट सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठींचा, त्यात बहुधा ठरावीक काळाने सोनोग्राफी पुरते. कर्करोगाचा दाट संशय किंवा निदान असलेल्या पाचव्या आणि सहाव्या गटात सामान्यतः शस्त्रक्रियेचाच विचार होतो. अवघड असतात ते मधले, तिसरा आणि चौथा. या गटांत येणारी फॉलिक्युलर प्रकारची, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींपासून वाढलेली गाठ कर्करोगाची आहे का, हे तिचे आवरण पेशींनी भेदले आहे का यावर ठरते आणि सुईतून आलेल्या सुट्या पेशींवरून ते कळू शकत नाही. म्हणून अशा वेळी निदानासाठीच अर्धी ग्रंथी काढण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. ताईचा अहवाल दुसऱ्या गटातला होता.

तरीही प्रश्न तेथे संपत नाही, कारण सौम्य गलगंडालाही शस्त्रक्रिया लागू शकते. गिळताना अडथळा, आडवे झाल्यावर दम लागणे, श्वासनलिका दबणे, ग्रंथी छातीच्या हाडामागे उतरणे, गाठ सतत वाढत राहणे ही त्यामागची कारणे होत. डॉक्टरांनी ताईला दोन्ही हात डोक्यावर धरून थोडा वेळ थांबायला सांगितले. छातीत उतरलेला गलगंड असल्यास त्या स्थितीत चेहरा लाल होऊन फुगतो. तसे काही झाले नाही. तिला त्रास नव्हता, म्हणून शस्त्रक्रिया न करता वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करण्याचे ठरले आणि कोणत्या लक्षणांवर आधीच यावे, हे लेखी दिले गेले. हा कागद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण घाईने संपूर्ण ग्रंथी काढली असती तर तिला आयुष्यभर थायरॉइडची गोळी घ्यावी लागली असती. शिवाय स्वरयंत्राच्या नसेला इजा होण्याचा आणि थायरॉइडलगतच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावून रक्तातील कॅल्शियम उतरण्याचा धोका होताच.

उणीव एक नोंदवावीशी वाटते. शस्त्रक्रियेच्या धोक्यांविषयी आम्ही विचारल्यावरच सविस्तर उत्तर मिळाले, आणि आपल्याकडच्या शल्यचिकित्सकांच्या हातून अशा किती शस्त्रक्रिया होतात हे केंद्राने आपणहून सांगितले नाही. ज्या रुग्णाला शस्त्रक्रिया करावीच लागणार आहे, त्याच्यासाठी ही माहिती सर्वांत आवश्यक असते, कारण नियमित थायरॉइड शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांत गुंतागुंत कमी होते. शिवाय येथे जाताना केवळ अहवालाचा कागद न नेता सुईच्या तपासणीच्या मूळ काचपट्ट्याही प्रयोगशाळेतून मागून न्याव्यात, कारण येथील तज्ज्ञ त्या स्वतः पुन्हा तपासतात.