ताईसोबत हादडायला: मटण ताट की सुरमई थाळी?
ताई माहेरी आली की एकदा बाहेर हादडायला जायचंच, वाद फक्त कोल्हापुरी की मालवणी. मटण ताटात बऱ्याच ठिकाणी तांबडा-पांढरा रस्सा अनलिमिटेड, आणि पांढरा दिसायला गरीब पण मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, त्यामुळे दोन वाट्यांतच पोट टम्म आणि भाकरी तशीच. मालवणीत रवा लावलेली कुरकुरीत सुरमई, बांगड्याच्या तिखल्यात (तिखट कालवणात) तिरफळं (मसाल्याची फळं, चावू नका, जीभ बधिर होते), वर गार सोलकढी. पण तुकडी एकच येते, ताईच्या ताटात हात घातला की भांडण! शिवाय १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद, तेव्हा सुरमई बहुतेक फ्रोझनच, मी सरळ मटण सांगतो, ताई तरी सुरमईच मागवते.