मुंबईची नोकरी की पुण्यातली?

पुतण्याने परवा विचारलं, "काका, मुंबईची ऑफर घेऊ का?" त्याच्यासाठी हे लिहितोय.

मुंबईची मी 22 वर्षं केली. सकाळी 7:15 ची डेक्कन क्वीन, संध्याकाळी 5:10 ला परतीची, साडेआठला पुणे स्टेशन. रोज 192 किलोमीटर जायचं, तितकंच यायचं. कोथरूडला पोचेपर्यंत लेक झोपलेली असायची. पगार जवळपास दुप्पट होता, फ्लॅटचं कर्ज मुदतीआधी फिटलं, हे खरंच. पण तिचा पहिला दात पडला, ती पर्वतीच्या 103 पायऱ्या एका दमात चढली, हे सगळं मला बायकोने सांगितलं. रविवारी मी झोप भरून काढायचो.

पुण्यातली नोकरी माझ्या मित्राने घेतली. हुद्दा लहानच राहिला, स्कूटर बरीच वर्षं तीच. पण पोराला शाळेत तोच सोडायचा. आता तो पोरगा बापाला रोज फोन करतो, कधी नुसता क्रिकेटचा स्कोअर सांगायला.

माझं ऐकशील तर पुण्यातली घे, पैसे कमी असले तरी. माझी लेकही रोज फोन करते. मी उचलला की म्हणते, "बाबा, आई आहे का जवळ?"