झोन दाखला: काम चोख, पण भाग नकाशाशिवाय अर्धवट

नगरपरिषद हद्दीत प्लॉट घेणाऱ्याने सातबारा तपासून थांबू नये. सातबाऱ्यावर मालकी, क्षेत्र आणि बोजा दिसतो. शहराच्या विकास योजनेतला झोन (जमिनीचा ठरवलेला वापर) किंवा आरक्षण दिसत नाही. ते झोन दाखला सांगतो. ही सेवा लोकसेवा हक्क कायद्यात (2015) अधिसूचित आहे, त्यामुळे अर्ज देताना पोच घ्याच. मुदत उलटली की प्रथम अपिलाला तिचाच आधार.

खरी मेख दाखल्याच्या भाषेत असते. ‘गट अंशतः रहिवास, अंशतः 12 मीटर रस्त्याने बाधित’ एवढंच छापून येतं. आता तुमचा प्लॉट त्या गटाच्या कोणत्या टोकाला, हे कोण सांगणार? म्हणून त्याच अर्जासोबत भाग नकाशा, म्हणजे विकास योजनेच्या नकाशातला तुमच्या गटापुरता तुकडा, मागा आणि भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा जोडा. दोन्ही एका प्रमाणात आणून एकावर एक ठेवले की रस्त्याची रेषा प्लॉटमधून जाते की बाजूने, ते उघडं पडतं. एजंट दाखवतात तो रंगीत झेरॉक्स यासाठी कुचकामी. प्रमाण बिघडलेलं असतं.

दाखल्याची तारीखही बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या (1966) कलम 37 खाली योजनेत फेरबदल झाला असेल तर जुना दाखला फसवतो. आरक्षण निघालंच, तर अंतिम योजना लागू होऊन 10 वर्षं झाली का, ते विचारा. त्यानंतरच त्याच कायद्याच्या कलम 127 ची खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन संपादन करा, नाहीतर आरक्षण सोडा’ अशी नोटीस, देता येते.