रेड अलर्ट, 1916 आणि माझी सहा किलो कणीक

परळला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाचला सहा किलो कणीक भिजते, म्हणून 'उद्या सुट्टी आहे का?' हा प्रश्न शाळेतल्या पोरांइतकाच मलाही पडतो. फरक इतकाच की मला उत्तर आदल्या रात्री हवं असतं. त्यामुळे पालिकेच्या पावसाळी सूचनांची मी अगदी नेमाची गिऱ्हाईक. तेव्हा हा त्यांचा रिव्ह्यू.

आधी एक खुलासा. पालिकेची पावसाची सूचना निघाली की केंद्रात कामाला येणाऱ्या मावशी सरळ 'आणीबाणी लावली' म्हणतात. पालिकेला आणीबाणी लावता येत नाही, ते राष्ट्रपतींचं काम. पालिकेच्या हातात असतो आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चा. 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, त्याच वर्षीच्या डिसेंबरातला हा कायदा. हवामान खातं रेड अलर्ट देतं, म्हणजे 24 तासांत 204.4 मिमीच्या वर पाऊस अपेक्षित. पण अलर्ट आला म्हणजे सुट्टी झाली असं नाही. सुट्टी द्यायची की नाही ते पालिका ठरवते. त्यात भरतीही बघावी लागते. साडेचार मीटरच्या वर समुद्र चढला की नाल्यांचं पाणी बाहेर जायला वाटच राहत नाही, आणि मग आमच्याजवळच्या सखल हिंदमाताला काय होतं ते आम्हाला सांगायला नको.

ग्रुपवर सुट्टीचे तीन-तीन वर्षं जुने मेसेज फिरतात. मी त्यांच्या नादी न लागता पालिकेचा मदतीचा नंबर 1916 लावते. आजवर दोनदा लावला. दोन्ही वेळा माणूस मराठीत, न वैतागता बोलला, भरतीची वेळसुद्धा सांगितली. फुकट सेवेकडून याहून जास्त काय हवं?

खरी गंमत सूचनेच्या क्रियापदात असते. 19 ऑगस्ट 2025 चंच घ्या. शाळा-कॉलेजं, सरकारी-निमसरकारी कार्यालयं यांना सुट्टी 'जाहीर'. तिथे प्रश्नच नाही. खासगी ऑफिसांनी मात्र कामाच्या स्वरूपानुसार घरून काम करण्याच्या सूचना 'द्याव्यात'. म्हणजे पहिला हुकूम, दुसरी विनंती. माझ्याकडून रोज चाळीस डबे घेणाऱ्या एका कंपनीच्या ॲडमिनवाल्या साहेबांनी हा फरक बरोबर हेरला. "मॅडम, आमचं चालू आहे, डबे पाठवा." मी मावशींना गुडघाभर पाण्यातून बोलावलं, त्याचं अजून वाईट वाटतं. साडेदहाला साहेबांचा फोन: कोणीच पोचलं नाही, राहू द्या. पोचणार कसे? मध्य रेल्वे बंद पडत होती, संध्याकाळी तर मोनोरेलही माणसांसकट अडकली.

एकशे वीस पोळ्या, फ्लॉवर-बटाटा आणि वरण. चाळीतल्या पोरांनी पोळ्या संपवल्या, वरण आंबलं.

सेवेला पाचपैकी चार तारे. पाचवा द्यायला हात आखडतो, कारण 'कामाच्या स्वरूपानुसार' म्हटलं की ज्याला पळवाट काढायची तो काढतोच. त्या कंपनीला तारेबिरे काही नाहीत. त्यांना मी नवीन रेटकार्ड पाठवलंय: रेड अलर्ट असेल तर ऑर्डर आदल्या रात्री नऊपर्यंत रद्द करावी, नंतर निम्मे पैसे लागतील. 'लागतील', 'द्यावेत' नाही. सही अजून आलेली नाही.